पगार कोणत्या पानावर आहे?

दहा-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कॉलेजात होते. आमच्या शहराच्या महापालिकेत अंदाजपत्रकाची सभा होती आणि ती बघायला मी प्रेक्षक सज्जात जाऊन बसले होते. शहराचे नाव सांगत नाही. तुम्ही तुमच्या शहराचे नाव घाला, फारसे काही बदलणार नाही.

सभा चार तास चालली. आमच्या मोहल्ल्याचे नगरसेवक उठले तेव्हा मी सावरून बसले. त्यांनी कब्रस्तानाच्या भिंतीसाठी निधी मागितला, दोन चौकांत हायमास्ट दिवे मागितले, उर्दू शाळेच्या शौचालयाचा विषय काढला. मला त्यांचा अभिमान वाटला. सभा संपल्यावर जिना उतरत होते, तर आमच्याच गल्लीतल्या एक खाला जिन्यावर फरशी पुसत होत्या. ठेकेदारामार्फत त्या महापालिकेच्या इमारतीत साफसफाईला होत्या, हे मला माहीत होते. त्यांना तीन महिने पगार मिळाला नव्हता, हे माहीत नव्हते. त्यांनी पोछा बादलीत टाकला आणि विचारले, "अंदर क्या बोल रहे थे बेटा? हमारे पगार का कुछ निकला?"

काही निघाले नव्हते. चार तासांत तो विषयच आला नव्हता. आणि खरे सांगायचे तर, वर सज्जात बसलेल्या मलाही तो आठवला नव्हता.

मी नंतर ओळखीच्या एका पत्रकाराकडून अंदाजपत्रकाचे पुस्तक मिळवले आणि खालांचा पगार शोधायला बसले. आस्थापना खर्चाच्या पानांवर आयुक्तांपासून शिपायापर्यंत सगळे होते, खाला नव्हत्या. बऱ्याच वेळाने त्या सापडल्या. इमारत देखभालीच्या खर्चात, फिनेल आणि झाडूंच्या खरेदीनंतर, बाह्य सेवा नावाच्या एका ओळीत एक ठोक रक्कम होती. किती माणसे, किती पगार, काही नाही. आमच्या खाला महापालिकेच्या हिशेबात माणूस म्हणून नव्हत्याच. त्या एक सेवा होत्या, खरेदी केलेली.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण आहे. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. त्याआधी कुठे तीन-चार, तर कुठे जवळपास सहा वर्षे लोकांनी निवडलेली सभाच नव्हती. मुंबईत मार्च २०२२ पासून प्रशासक होते. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तर २०२० पासून. या काळात अंदाजपत्रके आली आणि मंजूरही झाली. फक्त ती मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. मुंबईत २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे आयुक्तांनी अंदाजपत्रक मांडले आणि त्याच आयुक्तांनी प्रशासक म्हणून त्याला मान्यता दिली. ज्याने हिशेब लिहायचा त्यानेच तपासायचा, असे किराणा दुकानातही कोणी चालवत नाही.

आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. त्यांचे पहिले मोठे काम अंदाजपत्रक तपासणे हेच आहे. आपल्यापैकी अनेकांनी या निवडणुकीत पहिल्यांदाच महापालिकेसाठी मत दिले. मत देऊन झाले, आता हिशेब बघू या.

रीत साधी आहे. आयुक्त पुढच्या वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज तयार करून स्थायी समितीला देतात. मुंबईबाहेरच्या महापालिकांत या समितीत १६ सदस्य असतात. समिती एकेक लेखाशीर्ष बघते, वाढवते, कमी करते आणि ते महासभेपुढे ठेवते. महासभेतही बदल होऊ शकतात. करांचे दर २० फेब्रुवारीपूर्वी ठरवायचे आणि १ एप्रिलपासून नवे वर्ष. म्हणजे दोन जागा अशा आहेत जिथे निवडून आलेला माणूस हात वर करून विचारू शकतो, 'ही रक्कम कशाची?' ज्या वर्षांत सभा नव्हती, त्या वर्षांत नेमका हा प्रश्न विचारायची जागाच गेली होती.

सभा नसताना रक्कम किती वाढली तेही बघा. मुंबई महापालिकेचे २०२२-२३ चे अंदाजपत्रक ४५,९४९ कोटी रुपयांचे होते. २०२५-२६ चे ७४,४२७ कोटींचे. तीन वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक वाढ. गोवा राज्याच्या अंदाजपत्रकाच्या दुपटीहून हे मोठे आहे. त्यातले सुमारे ४३ हजार कोटी भांडवली खर्चाचे, म्हणजे रस्ते, पूल, बोगदे, मलजल प्रकल्प असे काही बांधण्यासाठी. उरलेले महसुली, म्हणजे शहर रोज चालवण्यासाठी. पगार या दुसऱ्या भागात येतात. त्याच २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात झोपडपट्टीतल्या व्यावसायिक गाळ्यांवर मालमत्ता कर लावून ३५० कोटी मिळवण्याचा प्रस्ताव होता. गोवंडी, कुर्ला, धारावी इथली जरीची कारखानदारी, बेकऱ्या, शिलाईचे गाळे डोळ्यांसमोर आणा. कर लावावा की लावू नये यावर दोन मते असतील. पण ज्यांच्यावर तो लागणार, त्यांच्या वतीने बोलायला तेव्हा सभागृहात एकही माणूस नव्हता.

आता पगाराकडे येते.

महापालिकांच्या बाबतीत राज्य सरकारची एक मर्यादा आहे. आस्थापना खर्च, म्हणजे कायम नोकरांचे पगार, भत्ते वगैरे, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर जाऊ नये. कागदावर ही शिस्त बरी वाटते. सगळे उत्पन्न पगारात गेले तर गटारे कशातून बांधणार? पण याचा जमिनीवर काय परिणाम होतो ते बघा. लहान आणि गरीब महापालिकांचे उत्पन्नच तुटपुंजे असते. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला, २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईसाठी राज्याच्या तोंडाकडे बघावे लागते. उत्पन्न कमी म्हटल्यावर ३५ टक्क्यांची रेषा लगेच ओलांडली जाते. मग भरती बंद. निवृत्त झालेल्याची जागा रिकामीच राहते. पण कचरा काही निवृत्त होत नाही. तो उचलायला माणूस लागतोच. मग तो ठेकेदाराकडून येतो, आणि त्याचे पैसे आस्थापना खर्चात दिसत नाहीत. कागदावर मर्यादा पाळली गेली, काम झाले, फक्त एका माणसाचा पगार पगाराच्या पानावरून उठून खरेदीच्या पानावर गेला. खालांचा पगार मला फिनेलशेजारी सापडला, त्याचे कारण हे आहे.

तिथे गेल्यावर पगाराचे काय होते? समजा, एका सफाईच्या कामाचा अंदाजित खर्च शंभर रुपये आहे आणि त्यातले ऐंशी रुपये मजुरीचे आहेत. निविदा निघते. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. एकाने पंचवीस टक्के कमी भरले, त्याला पंचाहत्तर रुपयांत काम मिळाले. त्याला त्यातून नफाही काढायचा आहे, झाडू आणि गाडीही घ्यायची आहे. आता सांगा, किमान वेतन कुठून देणार? भविष्यनिर्वाह निधी कुठून भरणार? हे गणित सही करणाऱ्या अधिकाऱ्यालाही येते. स्थायी समितीत त्या निविदेला मंजुरी देणाऱ्यालाही येते. तरीही तो ठराव दोन मिनिटांत मंजूर होतो आणि पैसे वाचवल्याबद्दल अभिनंदनही होते. वाचलेले पैसे खालांच्या पदरातून आलेले असतात.

दुसरी युक्ती शब्दांची आहे. माणसाला कामगार म्हटले की वेतन द्यावे लागते. म्हणून त्याला दुसरे काहीतरी म्हणायचे. मुंबईत वस्त्यांच्या सफाईसाठी आधी दत्तक वस्ती योजना आली, मग २०१३ पासून स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान. त्यात झाडणारे 'स्वयंसेवक' ठरले. घरोघर जाऊन बाळंतिणींची, लसीकरणाची, क्षयरोग्यांची नोंद ठेवणाऱ्या बायका 'आरोग्य स्वयंसेविका'. त्यांना मिळते ते वेतन नाही, मानधन. २०२५ च्या दिवाळीत मुंबई महापालिकेने कायम कर्मचाऱ्यांना ३१,००० रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केले. आरोग्य स्वयंसेविकांना १४,००० रुपये आणि बालवाडीच्या शिक्षिका-मदतनिसांना ५,००० रुपये, आणि त्याचे नाव 'भाऊबीज भेट'. शब्द किती गोड आहे! पण भेट देणाऱ्याची मर्जी असते, आणि वेतन हा घेणाऱ्याचा हक्क. वर्षभर उन्हातान्हात जिने चढणाऱ्या बाईला महापालिका बहीण म्हणते, कर्मचारी म्हणत नाही. बहीण म्हटले की निवृत्तिवेतन द्यावे लागत नाही.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर एक जुना शब्द सांगते. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात करांच्या यादीत 'हलालखोर टॅक्स' होता. घराघरातला मैला उचलण्याच्या सेवेसाठीचा कर. हलालखोर म्हणजे हलालची कमाई खाणारा. मैला वाहणाऱ्या जातीला हे नाव दिले गेले होते आणि त्या जातीत मुसलमानही होते, आजही आहेत. आपल्या समाजात जात नाही म्हणणाऱ्यांनी हा शब्द एकदा नीट वाचावा. आज बिलावर मलनिस्सारण कर असे लिहिलेले असते. शब्द सुधारला. कर भरणारे बदलले. गटारात उतरणारा मात्र बहुतेक वेळा त्याच घरांतून येतो.

हे बदलत नाही असे नाही. मुंबईतल्या कचरा वाहतुकीच्या कंत्राटी कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षे लढा दिला. त्यांचे म्हणणे एवढेच होते की मधला ठेकेदार हा पडदा आहे, काम महापालिकेचे आहे आणि मालकही तीच आहे. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने ते मान्य केले आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल कायम ठेवला. त्याआधी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात याच न्यायालयाने सांगितले होते की तात्पुरता नोकर कायम नोकरासारखेच काम करत असेल, तर त्याला त्या पदाच्या किमान वेतनश्रेणीइतका पगार मिळाला पाहिजे. हे कामगार बहुतेक दलित होते. त्यांच्या लढ्यात आपला आवाज किती होता, हे आपण स्वतःला विचारायला हवे.

आता दुसरी बाजू. तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, कायम कर्मचाऱ्यांचा अनुभव काय चांगला आहे? जन्मदाखल्यासाठी चार खेपा घालायला लावणारा बाबू कायमच असतो. बरोबर आहे. मीही त्या खेपा घातल्या आहेत. नावातले एक अक्षर बदलून घ्यायला अब्बांना आणि मला दीड महिना लागला होता. हजेरी लावून गायब होणारे आहेत, स्वतःच्या जागी निम्म्या पैशांत दुसऱ्याला झाडायला पाठवणारेही आहेत. त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारणे वेगळे आणि नोकरीच संपवणे वेगळे. कायम कर्मचाऱ्यावर निदान कारवाई तरी करता येते. ठेकेदाराचा माणूस आज आहे, उद्या नाही. तक्रार कोणाविरुद्ध करणार? २०१९ च्या जानेवारीत बेस्टचे कामगार नऊ दिवस संपावर होते. मुंबईकर वैतागले. त्यानंतर भाड्याच्या बसगाड्या आणि कंत्राटी चालक वाढत गेले. संप थांबले का? ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकच पगारवाढीसाठी संपावर गेले. थांब्यावर उभे राहणारे आपणच होतो. कमी पगारावर शहर चालवण्याची किंमत अखेर शहरच भरते.

आणि यात आपल्या पिढीचा थेट संबंध आहे. सरकारी नोकऱ्यांत मुसलमानांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने फार कमी आहे, हे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आकड्यांनिशी मांडले. तेव्हापासून आपण प्रत्येक भाषणात तो अहवाल काढतो. पण जिथे भरतीच होत नाही तिथे वाटा कशात मागायचा? लिपिक, परिचारिका, कनिष्ठ अभियंता, अग्निशामक, उर्दू शाळेतला शिक्षक, या महापालिकेच्या नोकऱ्या आपल्या घरांना एका पिढीत गरिबीतून वर काढू शकतात. त्या जागा मंजूर असूनही रिकाम्या ठेवल्या जातात, तेव्हा दार आपल्यासाठीही बंद होते. आपण मात्र महापालिकेकडे फक्त भिंत आणि दिवे मागायला जातो.

भिंत मागू नये असे मी म्हणत नाही. मेलेल्यांसाठी भिंत हवीच. पण जिवंत माणसांच्या पगाराची ओळही हवी. बद्रुद्दीन तय्यबजी १८७३ मध्ये मुंबईच्या महापालिकेत गेले, युसूफ मेहेरअली १९४२ मध्ये शहराचे महापौर झाले. त्या सभागृहात मुसलमान माणूस साऱ्या शहराच्या वतीने बोलायला बसत होता. आपल्या नगरसेवकाला आपण फक्त मोहल्ल्याच्या कामाचा माणूस केले, यात त्याची चूक अर्धी असेल, तर अर्धी आपली आहे. त्याला आपण दुसरे काही विचारलेच नाही.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. जुम्याच्या बयानात ऐकतो, घरी कामवाल्या बाईचा पगार देताना अम्मीच्या तोंडून ऐकतो. ही शिकवण घरापुरती नाही. महापालिका आपल्या करातून चालते, म्हणजे तिथल्या मजुराचे मालक आपणही आहोत. त्याचे तीन महिन्यांचे पैसे थकले असतील तर ते देणे आपल्याही नावावर आहे.

मग करायचे काय? मी पाच गोष्टी सांगते. सगळ्या या एका महिन्यात होण्यासारख्या आहेत.

पहिली, अंदाजपत्रक मिळवा. बहुतेक महापालिकांच्या संकेतस्थळावर ते असते. नसेल तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सांगते की ही माहिती त्यांनी स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. चार-पाच जणांनी एका रविवारी बसून फक्त दोन भाग वाचा, आस्थापना आणि बाह्य सेवा.

दुसरी, नगरसेवकाला लेखी विचारा. मंजूर पदे किती, भरलेली किती? कंत्राटी माणसे किती आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली? निविदा अंदाजापेक्षा किती कमी दराने दिली, आणि त्या दरात किमान वेतन बसते का? सभेच्या आधी विचारा. सभा झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते, पैसे मिळत नाहीत.

तिसरी, आपल्या गल्लीत झाडणाऱ्या माणसाशी बोला. त्याला पगारपत्रक मिळते का? त्याचा यूएएन क्रमांक आहे का? तुमच्या मोबाइलवर दहा मिनिटांत त्याचे भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक बघता येते. पंधरा हजारांच्या पगारातून बारा टक्के म्हणजे अठराशे रुपये दरमहा कापले जात असतील आणि पासबुकात काहीच नसेल, तर हा पुरावा आहे. तो छापून घ्या.

चौथी, हे लक्षात ठेवा आणि त्यालाही सांगा, की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होते, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही आहे. मात्र नव्या संहितेत ही तरतूद ५० किंवा अधिक कामगारांच्या कंत्राटाला लागू होते, पूर्वीच्या मूळ कायद्यात ती २० ला होती. म्हणून एका मोठ्या कामाचे छोटे छोटे तुकडे पाडलेले दिसले, तर ते का पाडले हे जरूर विचारा.

पाचवी, एकटे जाऊ नका आणि फक्त आपलेच घेऊन जाऊ नका. सफाई कामगारांची संघटना, बाजूच्या भीमनगरातली पोरे, आरोग्य स्वयंसेविका, सगळे मिळून एक निवेदन द्या. निवेदनावर सगळी नावे एका समाजाची असतील, तर त्याकडे एका समाजाची मागणी म्हणून बघितले जाते आणि बाजूला ठेवले जाते. पगार सगळ्यांचा आहे.

या पाच गोष्टी करून लगेच काही पालटेल असे मी सांगणार नाही. २,७०० कामगारांच्या निकालालाही वर्षानुवर्षे लागली. पण सभागृहात एका नगरसेविकेने उठून 'या ठोक रकमेत माणसे किती?' एवढे जरी विचारले, तरी ती माणसे त्या क्षणी फिनेलच्या यादीतून बाहेर येतात. अधिकाऱ्याला आकडा सांगावा लागतो. आकडा इतिवृत्तात जातो. पुढच्या वर्षी त्याच आकड्यावरून पुढचा प्रश्न विचारता येतो.

खाला आता काम करत नाहीत. गुडघे गेले. त्यांना निवृत्तिवेतन नाही, कारण त्या कधी नोकरीत नव्हत्या, असे कागद सांगतात. त्यांचे तीन महिन्यांचे पैसे पुढे दोन हप्त्यांत मिळाले, एका महिन्याचे बुडाले. परवा भेटल्या तेव्हा त्यांना सांगितले की सभा पुन्हा सुरू झाली आहे, निवडून आलेले लोक बसणार आहेत. त्या म्हणाल्या, "अच्छा है. अबके तू जाए तो पूछ लेना."

या वेळी मी सज्जात बसायला जाणार आहे. प्रश्न आमच्या नगरसेविकेच्या हातात आधीच दिला आहे, लेखी, पोच घेऊन. तुम्हीही द्या.